कर्नल थर्कल यांचा कोट

कर्नल ऑगस्टस थर्कल गेल्या महिन्यात वारले. मार्लकोमच्या वर्तमानपत्राने पहिलं पान काळ्या चौकटीत छापलं. दुसऱ्या आठवड्यात स्मारक समितीचे चिटणीस शाळेत येऊन मला म्हणाले, "बाई, तुमचे वडील कर्नलसाहेबांच्या हाताखाली सार्जंट होते. आम्ही चरित्रपुस्तिका काढतोय. एखादी हृद्य आठवण लिहून द्या. एक पान पुरे."

आठवण आहे. ती एका पानात मावणारी नाही आणि हृद्यही नाही.

वर्तमानपत्रातलं चरित्र मी तीनदा वाचलं. जन्मसाल बरोबर आहे, पलटणीचं नाव बरोबर आहे, पार्लमेंटातली सतरा वर्षं बरोबर आहेत. मधला एक परिच्छेद मात्र चोरीचा आहे. क्रिमियाच्या युद्धातल्या हिवाळ्यात, बर्फाने भरलेल्या खंदकात, कॅप्टन थर्कल यांनी अंगावरचा कोट काढून तापाने फणफणलेल्या शिपायाला पांघरला, तो परिच्छेद. मार्लकोममध्ये बोलता येणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ आहे. त्या कोटाच्या जोरावर कर्नल पार्लमेंटात गेले. आता तोच कोट दगडात कोरून चौकात उभा करणार आहेत.

कर्नल राक्षस नव्हते. राक्षस असते तर मला इतका राग आला नसता. घोड्यावर त्यांनी कधी चाबूक उगारला नाही, नाताळात गावातल्या म्हाताऱ्यांना ते आठवणीने कोळसा पाठवत. एक साधे, सुखवस्तू, थोडे आळशी गृहस्थ. फक्त त्यांना आयुष्यात कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं.

थर्कल हॉल या जमीनदारी वाड्यातल्या तीन मुलांत ते धाकटे. अशा घरांत वाटणी ठरलेली असे: थोरल्याला जमीन, मधल्याला चर्च, धाकट्याला पलटण. सतराव्या वर्षी वडिलांनी त्यांना लेफ्टनंटची जागा विकत घेऊन दिली, चोविसाव्या वर्षी कॅप्टनची. सैन्यातल्या जागा तेव्हा अशाच मिळत, बाजारातून घोडा आणावा तशा. त्या कॅप्टनकीवर खरा हक्क होता तो पलटणीतल्या एका चाळिशीच्या लेफ्टनंटचा. दोन लढाया पाहिलेला माणूस. त्याची ऐपत नव्हती, म्हणून तो या पोरसवदा कॅप्टनला सलाम ठोकत राहिला.

माझे बाबा, रूबेन स्टॅडन, थर्कलांच्याच घरात भाड्याने राहणाऱ्या जीनगराचा मुलगा. हॉलमधला मुलगा पलटणीत गेला की गावातली दोन-चार पोरं त्याच्या मागोमाग जायची, ही रीत होती. बाबा गेले. त्यांच्याबरोबर माझा मामा गेला, एनॉक गार्लंड, आईचा एकुलता भाऊ. बाबा सार्जंट झाले, मामा कॉर्पोरल. मी दोन वर्षांची असताना पलटण क्रिमियाला निघाली. वर्षभराने बाबा एकटेच परतले, डाव्या पायाची तीन बोटं तिकडे ठेवून. मामा तापाने गेला, असं त्यांनी आईला सांगितलं.

परतले त्याच आठवड्यात त्यांना हॉलवरून बोलावणं आलं. मिसेस थर्कल, म्हणजे कॅप्टनच्या आई, दिवाणखान्यात वाट पाहत होत्या. कॅप्टन अजून तिकडेच होते. वर्तमानपत्रांत रोज हिवाळ्यातल्या हालांच्या बातम्या येत होत्या, आणि अधिकाऱ्यांना नाही नाही ते बोललं जात होतं. मिसेस थर्कल म्हणाल्या, "सार्जंट, माझ्या ऑगस्टसचं काहीतरी चांगलं सांग."

बाबांना चांगलं काही आठवेना. बाई रडू लागल्या. तेव्हा बाबांनी त्यांना माझ्या मामाची गोष्ट देऊन टाकली. नाव तेवढं बदललं.

हे मला तेरा वर्षांनी कळलं.

तोवर गोष्टीला पाय फुटले होते. मिसेस थर्कलनी ती पाद्रीसाहेबांना सांगितली, पाद्रीसाहेबांनी रविवारच्या प्रवचनात घातली. कॅप्टन मेजर होऊन परतले तेव्हा स्टेशनवर बँड होता, आणि गोष्ट त्यांच्या आधीच गावात येऊन बसली होती. पहिल्या वर्षी ते नुसतं हसून विषय बदलत. दुसऱ्या वर्षी म्हणू लागले, "छे, छे, कुणीही केलं असतं." पाचव्या वर्षापर्यंत त्यांना त्या रात्रीचा वारासुद्धा आठवू लागला. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांच्या कपाटात दुसऱ्यांनी आणून टांगलेल्या पुष्कळ गोष्टी होत्या. ही त्यांतली एक.

आणि बाबा ती सांगत राहिले. नांगराच्या पाटीच्या पबमध्ये परगावचा कुणी आला की हाक यायची, "रूबेन, तो कोट सांग रे यांना." बाबा सांगायचे. दुकानात गिऱ्हाइकाला सांगायचे, शाळेत पोरांना सांगायचे. मीसुद्धा माझ्या वर्गात ऐटीत बसून ती ऐकली आहे. माझी आई, डॉर्कस, ती ऐकताना एकदाच म्हणाली होती, "आमच्या एनॉकला कुणी पांघरला असता असा कोट, तर बरं झालं असतं." बाबा उठून बाहेर गेले होते.

अडुसष्ट सालच्या निवडणुकीत कर्नल उभे राहिले. त्याच वर्षी बाबांसारख्या भाडेकरूंना पहिल्यांदा मताचा हक्क मिळाला. मत आताच्यासारखं घडी घालून पेटीत टाकायचं नसे. चौकात लाकडी मंच बांधत. मतदाराने पायऱ्या चढून वर जायचं, कारकुनापुढे उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्याने घ्यायचं. दोन्ही उमेदवार तिथेच बसलेले. कारकून वहीत लिहून घेई, आणि पुढे ती वही छापून विकायला येई, म्हणजे कुणी कुणाला मत दिलं ते घरमालकाला, पाद्रीसाहेबांना, खाटकाला, सगळ्यांना नीट वाचता येई. शीप स्ट्रीटवरचं आमचं घर आणि खालचं दुकान थर्कलांचं होतं. आमच्या गल्लीतल्या एकोणीस घरांपैकी सतरा थर्कलांची होती. याला स्वतंत्र मत म्हणत.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी कर्नलांचे एजंट मिस्टर क्विल्टर दुकानात आले. निळी फीत छातीवर, काखेत मोठं पुडकं. मी पट्ट्यांना मेण लावत बसले होते. बाबा एका गाडीच्या घोड्याचं गळपट्टं शिवत होते.

"सार्जंट, उद्या पहिलं मत तुझं," क्विल्टर म्हणाले. "पदक लावून ये. कर्नलसाहेबांच्या शेजारी उभा राहा, आणि हे हातावर धर, असं, लोकांना दिसेल असं."

त्यांनी पुडकं सोडलं. आत करडा कोट होता.

"हा कोणता?" बाबांनी विचारलं.

"कोणता म्हणजे? तो कोट."

"तो तर पुरला, साहेब. त्या तापातल्या हॅचबरोबर."

"अरे बाबा, लोकांना काहीतरी दिसायला नको का? शिंप्याकडून गेल्या आठवड्यात शिवून घेतला. बायकोने दोन दिवस विटेने घासलाय. हे बघ, कोपर कसं विरलंय."

बाबांनी कोट हातात घेतला. मी त्यांच्याकडे पाहत होते. शिवण तपासताना ते अंगठा टाक्यांवरून फिरवत असत, तसा फिरवला.

"कोपराला चामड्याचं ठिगळ होतं," ते म्हणाले.

"मग लाव की. तुझाच धंदा आहे."

"अधिकाऱ्याच्या कोटाला ठिगळ कशाला असेल, साहेब?"

क्विल्टर हसले. "आता तू मला कोट शिकव. उद्या आठला. आणि हो, मार्चअखेर तुझं घर पुन्हा भाड्याने द्यायचंय ना? कर्नलसाहेब काल आपणहून म्हणाले, रूबेनची काळजी नको." ते कोट तिथेच ठेवून गेले.

बाबांनी गळपट्टं पुन्हा शिवायला घेतलं. मग सुई न थांबवता, माझ्याकडे न पाहता, त्यांनी मला सगळं सांगितलं.

जानेवारी महिना होता. कंपनीत कुणाच्या पायात धड बूट नव्हते. एकशेवीस नवे कोट बंदरात जहाजाच्या तळाशी येऊन पडले होते, पण कॅप्टनच्या सहीशिवाय ते उतरवता येत नव्हते, आणि सर्दी झाली म्हणून कॅप्टन बंदरातल्या एका मित्राच्या नौकेवर राहायला गेले होते. बाबा सात मैल बर्फातून चालत कागद घेऊन गेले. नौकेवर जेवण चाललं होतं, मधोमध डुकराची भाजलेली मांडी. कॅप्टननी बाबांना स्वतःच्या हाताने गरम ब्रँडी ओतून दिली. कागद पाहिला. म्हणाले, "आकडा नीट दिसत नाही, सार्जंट. उद्या दिवसाउजेडी बघू." बाबा परत सात मैल चालले. बोटं गेली ती त्या चालण्यात. इकडे खंदकात हॅच नावाच्या शिपायाला ताप चढला होता. एनॉकमामाने स्वतःचा कोट काढून त्याला घातला. त्याच्या कोपराला बाबांनीच शिवलेलं ठिगळ होतं. सकाळी मामा बसल्या जागी गोठलेला सापडला. हॅच आणखी आठ दिवस जगला. कोट उतरले त्याच्याही नंतर. तोवर कंपनीतली एकतीस माणसं गेली होती.

"आईला सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू? तुझ्या भावाचं मरण मी दिवाणखान्यात एका चहाच्या कपावर देऊन आलो, असं?"

"मग उद्या काय करणार?"

"घर जाईल, टॅबिथा."

"मी ते नाही विचारलं."

त्यांनी दोरा दाताने तोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला चौकात घेऊन गेले. ती म्हणत होती, "बायकांचं काय काम तिथे? चिखल बघ किती." मी म्हटलं, "बाबा काहीतरी बोलणार आहेत. पायऱ्यांपाशी उभी राहा." बोलतील याची मला खात्री नव्हती. पण बोललेच, तर आईने ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये, एवढं मला समजत होतं.

एका बाजूला निळ्या फितींचा घोळका, दुसऱ्या बाजूला पिवळ्या. पिवळा उमेदवार होस्किन नावाचा कातड्याचा व्यापारी होता, स्वभावाने चिक्कू आणि भाषणात कंटाळवाणा. त्याच्याबद्दल आमच्या घरात कुणाला प्रेम नव्हतं. बाबा पदक लावून आले. हातावर कोट नव्हता. तो त्यांनी दुकानातच ठेवला होता. क्विल्टरांच्या ते लक्षात येईपर्यंत बाबा लंगडत पायऱ्या चढून गेले होते.

"नाव?" कारकून.

"रूबेन स्टॅडन. जीनगर. शीप स्ट्रीट."

"मत कुणाला?"

कर्नल टोपी काढायच्या तयारीत हसत उभे होते. मत देणाऱ्याला टोपी काढून मान लववायची, हा शिष्टाचार.

"होस्किन," बाबा म्हणाले.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पिवळ्यांनी आरोळी ठोकली, निळ्यांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी भिजलेला कोबी फेकला. बाबा खाली उतरले नाहीत.

"आणखी लिहा," ते कारकुनाला म्हणाले. "तो कोट एनॉक गार्लंडचा होता. कॉर्पोरल एनॉक गार्लंड. कॅप्टन त्या रात्री बंदरावर होते."

"इथे फक्त नाव लिहितात," कारकून म्हणाला. "पुढे व्हा."

"मग ते नाव लिहा. गार्लंड."

"तो उमेदवार नाही. पुढे व्हा, माणसा, मागे रांग आहे."

गलका इतका होता, की दहा पावलांवरच्या कुणालाही हे ऐकू गेलं नाही. कारकुनाने ऐकलं, कर्नलनी ऐकलं, आणि पायऱ्यांशी उभ्या असलेल्या आम्ही दोघींनी. कर्नलांचा चेहरा मला आजही दिसतो. रागाचा मागमूस नव्हता. भर रस्त्यात कुणी अंगावरचा कोट काढून घ्यावा, तसे ते गोंधळले होते. हळू आवाजात ते म्हणाले, "पण स्टॅडन, कोटाचं तर तूच माझ्या आईला सांगितलंस."

"हो, साहेब. सांगितलं. आज परत घेतोय."

संध्याकाळपर्यंत कर्नल दोनशे चौदा मतांनी निवडून आले. त्यांना खुर्चीत बसवून खांद्यांवरून चौकभर मिरवलं, आणि खुर्चीच्या पाठीवर तो विटेने घासलेला कोट टाकला होता. क्विल्टरांनी दुपारीच माणूस पाठवून तो दुकानातून नेला होता. आठवड्याभरात घर सोडायची नोटीस आली.

पुढे सतरा वर्षांत कर्नल पार्लमेंटात दोन मोठी भाषणं करून गेले. पहिलं, सैन्यातल्या जागा विकणं बंद करायला विरोध म्हणून. सैनिकाची काळजी घ्यायला कुलीन रक्त लागतं, असं त्यात आहे, आणि दाखल्याला तो कोट आहे. दुसरं गुप्त मतदानाच्या विरोधात. त्यात ते म्हणतात, सरळ माणसाला आपलं मत मोठ्याने सांगायची लाज का वाटावी? हे वाक्य मी वाचलं तेव्हा आम्ही स्टेशनमागच्या एका खोलीत राहत होतो आणि बाबा दुसऱ्याच्या दुकानात रोजाने शिवत होते. चरित्रपुस्तिकेत ही दोन्ही भाषणं पूर्ण छापणार आहेत.

मतदानाच्या त्या दिवशी आई चौकातून थेट घरी आली. घरी आल्यावर तिने बटाटे उकडायला ठेवले. मग बाबांच्या समोर बसली.

"पहिल्यापासून सांग, रूबेन."

बाबांनी सांगितलं. ती मध्येमध्ये विचारत होती. हॅचला कोट घातला तेव्हा बटणं कुणी लावली? एनॉक काही म्हणाला का? सापडला तेव्हा डोळे मिटलेले होते का उघडे? बाबा एकेकाचं उत्तर देत गेले. हॅचने मरण्याआधी बाबांना सांगितलं होतं, एनॉक त्याला म्हणाला होता, "ठिगळ जपून वापर, माझ्या मेव्हण्याचं आहे." हे ऐकून आई पहिल्यांदा रडली. बटाटे फुटून त्यांचा लगदा झाला.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "तेरा वर्षं तू माझ्यासमोर बसून माझ्या भावाची गोष्ट दुसऱ्याच्या नावाने सांगितलीस. मी तुला चहा ओतत ऐकली."

"हो."

"कुठे कुठे सांगितलीस?"

"सगळीकडे, डॉर्कस."

"मग सगळीकडे जायचं."

घर सोडायला चार महिने होते. बाबा गेले. नांगराच्या पाटीच्या पबमध्ये त्यांना लोकांनी हसून बसवलं, "होस्किनने काय चारलं रे तुला?" म्हणून विचारलं. न्हाव्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खरं असेलही, पण जुनी गोष्ट जास्त चांगली होती." शाळेत हेडमास्तरांनी दारातूनच परत पाठवलं. गावाला खरं नको होतं. बाबा मात्र एकेक घर करत राहिले, आणि प्रत्येक ठिकाणी आई शेजारी उभी राहिली, हातमोजे घालून, रविवारची टोपी घालून.

शेवटी हॉल उरला. बाबा म्हणाले, "बाईसाहेब ऐंशीच्या झाल्यात. डोळे गेलेत. राहू दे."

"सगळीकडे," आई म्हणाली.

मार्चचे शेवटचे दिवस. कर्नल लंडनला होते, म्हणून नोकराने आत सोडलं. मीही मागून गेले. मिसेस थर्कल शेकोटीजवळ शाल गुंडाळून बसल्या होत्या. लंगडणारी पावलं त्यांनी ओळखली.

"सार्जंट ना? बरं झालं आलास. बस. आता कुणी माझ्याशी नीट बोलत नाही. तो कोट सांग."

बाबांच्या टाचा जुळल्या. इतक्या वर्षांची सवय. ते बोलेनात, तेव्हा आईच म्हणाली, "तो कोट माझ्या भावाचा होता, बाईसाहेब. एनॉक गार्लंडचा. कोट देऊन टाकला म्हणून तो गेला. तुमचा मुलगा नौकेवर जेवत होता."

शेकोटीत लाकूड सरकलं. म्हातारीने मान आवाजाच्या दिशेने वळवली. मला वाटलं, आता रडतील, किंवा घंटा वाजवून आम्हाला हाकलतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"तू त्याची बहीण," त्या म्हणाल्या.

"हो."

"वाईट झालं." मग थोडं थांबून, अगदी सौम्यपणे, चहात साखर मागावी तशा स्वरात त्या म्हणाल्या, "पण मला ती ऐकायची नाही. सार्जंट, तू आपली नेहमीची सांग."

आईने बाबांकडे पाहिलं नाही. ती शेकोटीकडे पाहत उभी राहिली. तिने त्यांना मदत केली नाही, हे मी तिच्या बाजूने लिहून ठेवते.

"नाही, बाईसाहेब," बाबा म्हणाले.

"मी मागतेय, सार्जंट."

"ऐकलं, बाईसाहेब. नाही."

त्यांनी टोपी घातली. हॉलच्या छताखाली आमच्यापैकी कुणाही पुरुषाने कधी टोपी घातली नव्हती. आईने त्यांचा दंड धरला, कारण पॉलिश केलेल्या फरशीवर त्यांचा डावा पाय नीट टेकत नसे, आणि आम्ही पुढच्या दाराने बाहेर पडलो.